थोरल्याच्या नावावर

मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये सेकंड लाइन बीच नावाचा रस्ता आहे. तिथून समुद्र दिसत नाही. दिसतात ती गोदामे, हातगाड्या आणि पाठीवर पोती घेतलेली माणसे. त्या रस्त्यावरच्या एका गोदामाच्या माळ्यावर १९७१ साली चार तरुणांनी रॉक बँड काढला आणि दुसरे नाव सुचेना म्हणून रस्त्याचेच नाव त्याला देऊन टाकले. हे नाव पंचवीस वर्षे टिकेल असे तेव्हा कुणी सांगितले असते तर चौघेही हसले असते.

चौघांपैकी दोघे चुलतभाऊ. तुकोजी थोरला. तो गायचा, उंचापुरा होता आणि स्टेजवर गेला की त्याला घाम येत नसे. जनकोजी त्याच्याहून चार वर्षांनी लहान, बंदराजवळच्या एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत कारकून. तो बेस गिटार वाजवायचा. बेस गिटार चालू असते तेव्हा ती आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि जनकोजीला तेच बरे वाटे. ड्रमवर नारायणस्वामी आणि लीड गिटारवर वेंकटरमण, हे दोघे मैलापूरचे तमिळ.

भावांचे घराणे तंजावरचे. आजोबा नोकरीसाठी मद्रासला आले आणि तिरुवल्लिकेणीत भाड्याच्या घरात राहिले. घरात बोलायचे ते तीनशे वर्षांपूर्वीचे मराठी, त्यात तमिळ शब्द भाताबरोबर सांबार यावे तसे येत. बाहेर सगळे तमिळ आणि स्टेजवर इंग्रजी. पहिली चार वर्षे त्यांनी दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. कॉलेजांच्या गॅदरिंगला वाजवली, पेरांबूरच्या अँग्लो-इंडियन लग्नांत वाजवली, एका हॉटेलात दर शनिवारी तळलेल्या मासळीच्या वासात वाजवली. आपण कोण आहोत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. बॅटरीवर चालणारा मोठा ॲम्प्लिफायर कुठे मिळेल हाच प्रश्न पडलेला असे.

मग पंचाहत्तर सालचा उन्हाळा आला. मद्रासचे तलाव आटले आणि गल्लोगल्ली पाण्याच्या लॉऱ्या फिरू लागल्या. लॉरी कधी येईल याचा नेम नसे. म्हणून बायका सकाळी सहाला आपापले कोडम, म्हणजे प्लॅस्टिकची घागर, रांगेत ठेवून घरी जात. माणूस सावलीत आणि त्याच्या जागी उन्हात घागर. जनकोजीचे लग्न होऊन दोनच महिने झाले होते. त्याची बायको सरोजा हिचे कोडम निळे होते, आणि ते कुणी मागे सरकवू नये म्हणून ती नवऱ्याला ओट्यावर बसवून ठेवी. तो बसे. त्या रांगेकडे बघता बघता त्याला वाटले की ही घागरींची रांग म्हणजेच आपण. आपल्या जागी आपले रिकामे भांडे उभे आहे आणि आपण कुठेतरी बसून वाट बघतो आहोत. तीन दिवसांत त्याने तमिळमध्ये गाणे लिहिले. चालही त्याचीच. सरोजाने रिकाम्या घागरीच्या बुडावर बोटांनी ठेका धरला होता, तो ठेका तसाच त्यात आला.

माळ्यावर त्याने ते भीत भीत वाजवून दाखवले. नारायणस्वामी म्हणाला, "हे वाजवून आपल्याला लोक पाणी तरी देतील." तुकोजीने कागद हातात घेतला आणि गायला लागला, आणि जनकोजीला स्वतःचेच गाणे पहिल्यांदा ऐकू आले. तेव्हा त्याला आनंदाने रडू यायचे राहिले होते एवढेच. हे त्याने पुढे कधी नाकारले नाही: गाणे त्याचे होते, पण ते उभे राहिले ते तुकोजीच्या गळ्यावर.

पुढच्या वर्षी एका छोट्या कंपनीने त्यांची तबकडी काढायची ठरवली. कंपनीचा माणूस छापील फॉर्म घेऊन आला. चौघांत अक्षर जनकोजीचे चांगले, म्हणून फॉर्म त्याच्याकडे. बँडचे नाव, पत्ता, वादकांची नावे लिहून तो 'गीत व संगीत' या रकान्याशी आला आणि त्याने तिथे तुकोजीचे नाव लिहिले.

त्याने ते विचार करून लिहिले नाही. त्यांच्या घरात जे काही छापले जाई किंवा सरकारदरबारी लिहिले जाई ते थोरल्याच्या नावावर. विजेचे मीटर थोरल्या काकांच्या नावावर होते. देवळातल्या देणगीच्या फरशीवर त्यांचेच नाव होते, पैसे कुणीही दिलेले असोत. जनकोजीच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेवर बोलावणारे म्हणून त्याच्या बापाचे नाव नव्हते, थोरल्या काकांचे होते. याचे कुणाला दुःख नसे. सगळ्यांना खरे ठाऊक असायचे, त्यामुळे कागदावर काय आहे याला महत्त्व नव्हते. कागद बाहेरच्यांसाठी आणि घर घरच्यांसाठी.

तुकोजीने फॉर्म पाहिला. म्हणाला, "हें काय रे, तुझें नांव घाल की."

"असूं दे, अण्णा," जनकोजी म्हणाला.

असा आग्रह दोनदा तरी करायचा असतो. पहिल्यांदा नको म्हणायचे असते आणि दुसऱ्यांदा मान खाली घालून हो म्हणायचे असते. जनकोजी हातात पेन धरून त्या दुसऱ्या आग्रहाची वाट बघत थांबला. तुकोजीने फॉर्मची घडी केली आणि कंपनीच्या माणसाला विचारले की तबकडीवर फोटो रंगीत येणार का.

तबकडी फारशी खपली नाही. पण त्र्याऐंशी साली पुन्हा पाऊस दगा देऊन गेला, पुन्हा लॉऱ्या फिरू लागल्या, आणि ते गाणे कॉलेजांतून लोक मागून ऐकू लागले. जनकोजीने यादरम्यान आणखी दहा-बारा गाणी लिहून पाहिली होती. ती कुणाला आवडली नाहीत. त्याला स्वतःलाही नाही. माणसाच्या पदरात एखादेच गाणे असते आणि ते येऊन गेलेले असते, अशी त्याने मनाची समजूत घातली. बँड मात्र चालत राहिला. वेंकटरमणचे केस गेले, नारायणस्वामीला मधुमेह झाला, हॉटेलवाल्याने शनिवारी गझला सुरू केल्या. तरी ते वर्षाला वीस-पंचवीस कार्यक्रम करीत, आणि प्रत्येक कार्यक्रम त्या एका गाण्यावर संपे.

त्र्याण्णवचा उन्हाळा सगळ्यांत वाईट गेला. एका मोठ्या कंपनीने जुन्या तबकडीची कॅसेट काढली, केबल टीव्हीवर गाणे दिसू लागले, आणि पन्नाशीला टेकलेला तुकोजी एकदम प्रसिद्ध झाला. पत्रकार घरी येऊ लागले. पहिल्या मुलाखतीत तो म्हणाला, "आम्ही ते गाणे केले." दुसऱ्या मुलाखतीत म्हणाला, "ते गाणे मला सुचले." तिसऱ्या मुलाखतीत त्याने सांगितले की पंचाहत्तर साली तो आपल्या ओट्यावर बसला होता, समोर रांगेत एक निळे कोडम होते आणि ते त्याच्याकडे बघत होते.

ती मुलाखत टीव्हीवर होती. जनकोजी, सरोजा आणि त्यांची मुलगी विद्युलता जेवता जेवता बघत होती.

सरोजाने हातातला घास ताटात ठेवला. "तें माझें कोडम," ती म्हणाली.

विद्युलता सतरा वर्षांची होती आणि तिला तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा सोप्या वाटत. तिने आईकडे पाहिले. "काय?"

"तें गाणें तुझा अप्पा लिहिला. तुझा पेरियप्पा नव्हे." पेरियप्पा म्हणजे थोरले काका, तिच्यासाठी तुकोजी.

विद्युलता बापाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अविश्वास नव्हता. असता तर बरे झाले असते. तिथे दया होती. "अप्पा, तू मागे उभा राहून डुम्म डुम्म करतोस ना?" ती म्हणाली. "गाणं तू लिहिलंस, तर तसं कॅसेटवर का नाही लिहिलंय?"

या प्रश्नाला उत्तर होते, पण ते सांगायचे तर विजेच्या मीटरपासून सुरुवात करावी लागली असती. जनकोजी म्हणाला, "जेव."

त्या दिवसापासून त्याला पहिल्यांदा आपले नाव हवेसे वाटू लागले. पैसे नकोत, कॅसेटचे मानधन चौघे सारखे वाटून घेत, त्यात तक्रार नव्हती. एकदा, कुठेतरी, चार माणसांसमोर कुणीतरी म्हणावे की हे गाणे जनकोजीने लिहिले, आणि विद्युलता तिथे असावी. एवढेच. घरच्यांना सगळे ठाऊक आहे या भरवशावर तो सतरा-अठरा वर्षे जगला होता, आणि आता घरातच, स्वतःच्या मुलीला, ते ठाऊक नव्हते.

सरोजाने त्याचा पिच्छा सोडला नाही. "मागा की," ती म्हणे. "भीक नव्हे. आपली वस्तू."

"अण्णाला कसें सांगूं?"

"तोंडानें."

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत एका संस्थेने बँडचा सत्कार ठरवला. आठशे माणसांचे सभागृह, शाल, चंदनाचा हार, शेवटी गाणी. आठ दिवस राहिले तेव्हा जनकोजी तुकोजीच्या अण्णानगरच्या फ्लॅटवर गेला. वहिनीने कॉफी दिली. ती पिऊन झाली, दुसरी झाली. मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "अण्णा, त्या दिवशीं तुम्ही बोलाल तेव्हां, गाणें मी लिहिलों म्हणून सांगाल काय?"

"सांगतों की," तुकोजी म्हणाला. "त्यांत काय? तूंच लिहिलास."

इतक्या सहज म्हणाला की जनकोजीला लाज वाटली. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षे कुढत बसलो, हा माणूस तर नुसत्या शब्दाची वाट बघत होता. घरी जाऊन त्याने सरोजाला सांगितले. तिने विचारले, "दोनदां विचारलांत?" तो म्हणाला, दोनदा विचारावे लागलेच नाही.

सत्काराच्या दिवशी सरोजा आणि विद्युलता तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सरोजाने काठापदराची साडी नेसली होती. शाली झाल्या, हार झाले, सूत्रसंचालकाने तुकोजीच्या हातात माइक दिला. तुकोजी तमिळमध्ये बोलला, छान बोलला. गोदामाच्या माळ्याची गंमत सांगितली, हॉटेलातल्या मासळीची सांगितली. आणि मग मागे वळून, हात लांब करून म्हणाला, "आणि ज्या गाण्यासाठी तुम्ही आज आलात, ते माझे नाही. ते ह्या माझ्या धाकट्या भावाचे आहे. शब्द त्याचे, चाल त्याची. मी नुसता तोंड हलवणारा."

सभागृह टाळ्यांनी भरून गेले. जनकोजीने खाली पाहिले. लोक त्याच्याकडे बघत नव्हते. आठशेच्या आठशे तुकोजीकडे बघत होते, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले. इतका मोठा गायक आणि आपले श्रेय धाकट्याच्या ओंजळीत टाकतो, असे त्या टाळ्या म्हणत होत्या.

कारण थोरल्याने असेच बोलायचे असते. सुनेच्या हातच्या वांग्याची कुणी तारीफ केली की सून म्हणते, अत्तेच्या, म्हणजे सासूच्या, हातचा गुण. आणि अत्ते म्हणते, छे, सगळे हिनेच केले. पाहुणा दोघींचे ऐकतो आणि दोघींपैकी कुणाचेही खरे मानत नाही. तुकोजीने खरे सांगितले होते, पण ते त्या सुरात सांगितले होते, आणि त्या सुरात सांगितलेले खरे कुणी धरत नाही.

माइक जनकोजीच्या हातात आला. आता त्याची पाळी होती. समोर सगळे हसरे चेहरे पुढचे वाक्य काय येणार हे ठाऊक असल्यासारखे वाट बघत होते. त्याने तोंड उघडले. काय म्हणायचे ते त्याने ठरवले नव्हते, आणि जे ठरवलेले नसते ते सवयीचे निघते.

"सगळी अण्णांची कृपा," तो म्हणाला.

पुन्हा टाळ्या. तिसऱ्या रांगेत सरोजा उठली, मुलीचा हात धरला आणि गाणी सुरू व्हायच्या आधी बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी एका तमिळ पेपरात तुकोजीचा फोटो आला. मथळा होता, 'थोर गळा, त्याहून थोर मन'.

सरोजाने तो पेपर घडी करून जनकोजीच्या ताटाखाली ठेवला. भांडली नाही. "तुम्हांला दिलेलें तुम्हीच परत केलांत," एवढेच म्हणाली. विद्युलताने त्या विषयावर पुन्हा काही विचारले नाही. तिचे तिला उत्तर मिळाले होते, बापाच्याच तोंडून, आठशे साक्षीदारांसमोर.

जनकोजी महिनाभर तालमीला गेला नाही. मग तुकोजी स्वतःच त्याच्या कचेरीशी आला आणि दोघे समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिले.

"रागावलास?" तुकोजीने विचारले.

"नाहीं."

"मी सांगितलों. आठशें जणांपुढें सांगितलों. नको म्हटलास तो तूं."

"तसें म्हणायचें असतें, अण्णा."

"मला ठाऊक." तुकोजीने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. मग म्हणाला, "जनका, एक सांगतों. सांगतांना मी भ्यालों. हे लोक खरें मानतील, मग माझें काय उरलें, असें वाटलें. टाळ्या पडल्या, कोणी मानलें नाहीं, तेव्हां जीव थंड झाला."

जनकोजीला वाटले, आपल्याला आता राग यावा. आला नाही. थोरला भाऊ त्याच्याशी इतके खरे कधीच बोलला नव्हता, आणि हे खरे असले तरी त्याचा काही उपयोग नव्हता.

"पुढल्या खेपेला परत सांगतों," तुकोजी म्हणाला. "तूं तेवढें नको म्हणूं नको. हो म्हण. मग झालें."

पुढची खेप कोइंबतूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात होती. गाडीत सगळी वाट जनकोजी मनातल्या मनात ते वाक्य म्हणत होता. खरे तर ते वाक्यही नव्हते. तीन-चार शब्द होते. पण त्याने जन्मात कधी थोरल्याच्या बोलण्याला तसे उत्तर दिले नव्हते. ओठ नुसतेच हलत होते. वेंकटरमणने विचारले, "ताप आहे काय?"

विद्युलता येणार नव्हती, तिची परीक्षा होती. सरोजा आता कार्यक्रमांना येत नसे. पण जनकोजीने हिशेब केला होता की एकदा लोकांनी मानले की पेपरात येईल, पेपरात आले की घरी पोचेल.

दोन हजार मुले मैदानात बसली होती. शेवटच्या गाण्याआधी तुकोजीने शब्द पाळला. हात लांब करून म्हणाला, "हे गाणे माझे नाही. माझ्या ह्या भावाने लिहिले." मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुकोजीने माइक पुढे केला. जनकोजीने तो घेतला, घसा साफ केला, आणि सरळ उभा राहून तमिळमध्ये म्हणाला, "हो. मीच लिहिले."

एक क्षण काहीच झाले नाही. मग कुठल्यातरी कोपऱ्यात एकजण फस्सकन हसला आणि पाठोपाठ सगळे मैदान हसले. मोकळेपणाने, प्रेमाने हसले. तो किडकिडा चष्मेवाला माणूस, दोन तास ज्याच्याकडे कुणी पाहिलेही नव्हते, त्याने थोरल्या भावाचे सौजन्य असे खिशात घातलेले त्यांना फार आवडले. शिट्ट्या पडल्या. "अण्णा, रॉयल्टी मागा," कुणीतरी जनकोजीकडे बघून ओरडले, आणि हसण्याची दुसरी लाट आली.

जनकोजी माइकमध्ये पुन्हा म्हणाला, "नाही, खरेच. मी लिहिले."

ते जास्तच हसले. मागे नारायणस्वामीने, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, हात शिवशिवले म्हणून, ड्रमवर दोन ठोके आणि झांजेवर एक असा विनोदानंतर मारतात तसा तुकडा मारला. तुकोजी हसता हसता वाकला. मग त्याने जनकोजीकडे पाहिले आणि त्याचे हसू थोडे आवरले, पण पुरते नाही.

परतताना गाडीत वेंकटरमण म्हणाला, "हे ठेवून द्यायचे. इतक्या वर्षांत जनकोजीने पहिल्यांदा लोकांना हसवले." नारायणस्वामीने मान डोलावली. तुकोजी खिडकीबाहेर बघत होता. जनकोजीला विचारावे असे कुणाला वाटले नाही. तो काही बोलला असता तर तेही त्यांना मजेचेच वाटले असते.

तेव्हापासून ते बोलणे कार्यक्रमाचाच भाग झाले. वेल्लूरला झाले, मदुरैला झाले, पुदुच्चेरीला झाले. तुकोजी म्हणायचा, गाणे माझे नाही. जनकोजी म्हणायचा, हो, मीच लिहिले. मदुरैपासून तो दुसरे वाक्यही म्हणू लागला, कारण हशा खरा त्या "नाही, खरेच"वर पिकत असे. एका मासिकाने लिहिले की या बँडच्या शेवटच्या गाण्याइतकीच त्याआधीची दोन भावांची जुगलबंदी बघण्यासारखी असते. पंच्याण्णवच्या डिसेंबरात विद्युलता मैत्रिणींना घेऊन आली होती. कार्यक्रम संपल्यावर ती स्टेजच्या मागे आली, बापाच्या दंडाला धरून म्हणाली, "अप्पा, तू इतका विनोदी आहेस हे मला ठाऊकच नव्हतं." तिचे डोळे अभिमानाने चमकत होते. तो अभिमान खरा होता, आणि जनकोजीने तो घेतला.

हे गाणे बेसवर सुरू होते. चार स्वर, बाकी कुणी नाही. पूर्वी तुकोजीने मान हलवली की जनकोजी ते वाजवी. आता तो आधी माइक देऊन टाकतो, गिटारवर बोटे ठेवतो आणि लोकांचे हसून व्हायची वाट बघतो. किती वेळ लागतो ते त्याला आता बरोबर कळते. घाई केली तर पहिला स्वर हशात बुडतो.